उरलेलं खारं पाणी

समुद्राचं पाणी गोड करून शहराला पुरवणाऱ्या कारखान्यात तो ऑपरेटर होता. मागे उरणारं जहाल खारं पाणी व्हॉल्व्ह फिरवून तो राहायचा त्या वस्तीमागच्या ओढ्यात सोडायचं, हे कामही त्याच्याच गळ्यात.

जेवताना लेकीनं विचारलं, “बाबा, समुद्राचं पाणी खारट का असतं?”

हा तर घरचाच विषय. स्वारी खुलली. “अगं, नद्या डोंगरातलं मीठ धुऊन आणतात. पाणी वाफ होऊन उडून जातं, मीठ मात्र तिथंच ठाण मांडून बसतं.”

“मग आपली विहीर यंदा का खारट झाली? तिला तर कुठलीच नदी मिळत नाही.”

वाढता वाढता बायकोचा हात थांबला. तो मान खाली घालून भात कालवत राहिला.

उद्या सकाळी सातला व्हॉल्व्ह फिरवायची पाळी त्याचीच होती.