सावळीचं शिलंगण

शिलंगणाचे घोडे मारुतीच्या पारासमोर ओळीने उभे राहिले आणि नेमकी तेव्हाच सूर्यभानच्या सावळीने जांभई दिली. सगळं गाव हसलं. बाकीचे घोडे टापा आपटत होते, लगाम चावत होते. कापसाच्या पैशावर गेल्या दोन-तीन हंगामांत गावात आलेले तगडे, देखणे घोडे ते. खुशालराव पाटलांच्या पांढऱ्या काठेवाडीच्या पायात तर चांदीचे तोडे होते.

"सूर्यभान, तुही घोडी बी कापूस तोलते का रे?" पाटलांनी विचारलं.

सूर्यभान हसला नाही. बडनेऱ्याला आगगाडीच्या मालधक्क्यावर दिवसभर कापूस तोलायचं काम त्याचं. पहाटे उठून घोडीला चारा घालायचा, खरारा करायचा, तिच्यावरच बसून धक्का गाठायचा, तिथल्या बाभळीला तिला बांधायचं आणि दिवस मावळला की परत यायचं. जेवताना ताटावर डुलक्या यायच्या. मागच्या महिन्यात तो कापसाच्या गठ्ठ्याला जरा टेकला तो तिथंच झोपला. पुन्हा असा दिसलास तर कामावर येऊ नकोस, असं मुकादमाने बजावलं. हे ऐकून त्याचा बाप नत्थुजी भडकला. नोकरी कर नाहीतर घोडी पाळ, दोन्ही जमायचं नाही, असं त्याने सांगून टाकलं. सूर्यभानही हट्टाला पेटला. शेवटी ठरलं ते असं, की दसऱ्याचं पहिलं सोनं सावळीने आणलं तर ती घरात राहील. नाही आणलं तर दुसऱ्या दिवशी पाटलांच्या तबेल्यात जाईल. पाटील कधीचे तिच्यावर डोळा ठेवून होते. आत्ता त्यांना थट्टा सुचत होती ती उगाच नाही.

सूर्यभानने सावळीची मान थोपटली.

ढोल वाजला आणि घोडे उधळले. शिवेपलीकडच्या आपट्यापर्यंत जायचं, डहाळी तोडायची आणि परत येऊन मारुतीपुढे ठेवायची. वाट वाडवडिलांपासूनची. यंदा फक्त तिच्या मधोमध आगगाडीचे रूळ आडवे आले होते.

आपट्यापाशी सावळी सगळ्यांच्या मागून पोचली. सूर्यभानने डहाळी तोडली तेव्हा पाटील परतीला लागलेही होते. त्याने टाच मारली. घोडी जीव तोडून धावली, एकेकाला मागे टाकत गेली, पण पांढऱ्या घोड्याचं शेपूट काही जवळ येईना. सूर्यभानचे डोळे भरून आले. रोज दिवसभर बाभळीला उभ्या राहणाऱ्या जनावराकडून आणखी किती मागायचं?

पाटील रुळांजवळ पोचले आणि बडनेऱ्याकडून मालगाडी आली. इंजिनाने शिटी दिली.

एवढ्या जवळून ती शिटी त्या घोड्यांनी कधी ऐकलीच नव्हती. पांढरा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, गर्रकन वळला आणि उभ्या पऱ्हाटीत घुसला. बाकीचेही वाट फुटेल तिकडे पळाले. पाटलांचा फेटा कापसाच्या झाडावर राहिला आणि पाटील झाडाखाली. त्यांना कुठे लागलं नाही, फक्त बोलणं बंद झालं.

सावळी आपणहून थांबली. कान पुढे केले, मागचा एक पाय सैल सोडला आणि उभी राहिली. सूर्यभानचा हात सवयीने तिच्या मानेवर गेला. धक्क्यावरच्या पहिल्या दिवसांत इंजिन आलं की ती दावं तोडायला बघायची. म्हणून दुपारी बाकीचे लोक सावलीत बसून जेवायचे तेव्हा हा तिच्यापाशी उभ्यानेच भाकर खायचा, एक हात तिच्या मानेवर ठेवून. धुराने घोडी पार वाया गेली, असं गाव म्हणायचं.

डबे धडधडत जात राहिले. सावळीने पुन्हा जांभई दिली.

शेवटचा डबा गेला तशी तिने जपून एकेक पाय टाकत रूळ ओलांडले. मग सूर्यभानने लगाम सैल सोडला. मागे वळून पाहायची गरज नव्हती, तिथं कोणी नव्हतंच.

पारावरच्या लोकांना लांबून आधी धूर दिसला आणि मग एकटी येणारी सावळी. कोणाचा विश्वास बसेना. सूर्यभानची बायको वच्छला ताट घेऊन पुढे झाली. तिने घोडीच्या पायांवर पाणी घातलं, आधी घोडीला ओवाळलं आणि मग नवऱ्याला.

सूर्यभानने डहाळी मारुतीपुढे ठेवली, त्यातलं एक पान बापाच्या हातावर ठेवलं आणि पाया पडला. आनंद त्याच्या छातीत मावत नव्हता. हातातलं ते पान नत्थुजीने घोडीच्या तोंडावरच्या मोहरकीत खोचलं.

मिरवणूक निघाली. पहिलं सोनं आणणाऱ्याचा मान म्हणून सावळी सगळ्यांच्या पुढे. वेशीपाशी पोचतात तोच लांबून, बडनेऱ्याच्या बाजूने, पुन्हा शिटी ऐकू आली आणि सावळी गुमान धक्क्याच्या वाटेला वळली. लोक पोट धरून हसले. सूर्यभान लगाम ओढायला लागला, पण त्याच्या आधीच नत्थुजीने पुढे होऊन तिला धरलं.

"आज सुट्टी हाये माय तुले," तो घोडीला म्हणाला आणि तिचं तोंड गावाकडे वळवलं.

थोडं चालून गेल्यावर, पोराकडे न बघता, तो म्हणाला, "उद्यापासून पहाटचा खरारा मी करत जाईन. तू झोपत जाय जरासा."