परस्पर

"तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. बायको म्हणजे अजून दहा-पंधरा मिनिटं तरी बायकोच. निकालावर सही व्हायची होती.

शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला, प्रूफरीडरला, हायसं वाटलं. सहा महिन्यांपूर्वी दोघांनी याच खोलीत पहिला जबाब दिला होता. कायद्यानं विचार करायला दिलेली मुदत आता संपली होती, आणि आजचा दुसरा जबाब झाला की वीस वर्षांचा संसार सुटणार होता. भांडण नाही, तंटा नाही. आमचं सगळं सामोपचारानं चाललंय, असं तो छापखान्यात ज्याला त्याला सांगे, आणि सांगताना त्याची मान जरा ताठच होई. अर्जाचा मसुदासुद्धा त्यानं स्वतः तपासला होता. वकिलाच्या सतरा चुका काढल्या होत्या.

"म्हणजे हा अर्ज परस्पर संमतीनं आहे," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"हो, परस्परच," बायको म्हणाली. "यांनी परस्पर ठरवलं. वकील परस्पर गाठला. कागद परस्पर तयार केले. मला सहीपुरतं बोलावलं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचं पेन थांबलं. प्रूफरीडरची कानशिलं तापली. तो शब्द त्यानं अर्जात चार ठिकाणी वाचला होता. त्यात ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न नव्हता, म्हणून नजर पुढे सरकली होती.

"पण वर्षभर वेगळे राहिलात ना? तशी अट आहे."

"राहिलो की. छापखान्याजवळ खोली घेतो, कामाला सोयीचं पडेल, असं सांगून गेले. मी दर रविवारी कपडे धुऊन, इस्त्री करून पाठवत होते. ते वर्ष मोजलं जातंय, हे मला अर्ज वाचल्यावर कळलं."

आता कुणी हसलं नाही. ते कपडे तो गुपचूप ठेवून घेई, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात अजून किती महिने उरले ते बघे. त्याला लाज वाटली. चारचौघांत निघालं म्हणून जास्त वाटली, आणि मग त्याचीही वाटली.

बाईंनी चष्मा काढला. "हे पाहा, निकाल होईपर्यंत तुम्ही संमती मागे घेऊ शकता. तुम्ही नाही म्हणालात तर अर्ज इथेच संपेल. तुमची संमती आहे की नाही, एवढंच सांगा."

वकिलानं घड्याळात पाहिलं. प्रूफरीडरनं जमिनीकडे. ती नाही म्हणाली तर कुठल्या तोंडानं घरी जायचं, आणि हो म्हणाली तर कुठल्या तोंडानं इथून बाहेर पडायचं, त्याला कळेना.

"सही केली तेव्हा नव्हती," ती म्हणाली. "सहा महिने विचार करायला दिलेत, तो मी केला. आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आहे."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे वळल्या. "आणि तुमची?"

हा एक 'हो' म्हणता यावा म्हणून तो दीड वर्ष धडपडत होता. त्यानं तोंड उघडलं. टंकलेखकाची बोटं यंत्रावर तशीच थांबली.

"जरा मोठ्यानं बोला. ऐकू आलं नाही."

त्यानं पुन्हा ओठ हलवले.

"हो म्हणालेत," बायको टंकलेखकाला म्हणाली. "चारचौघांत आवाज फुटत नाही त्यांना. मला येतं ऐकू."