हिला विचार

“दार आपटू नकोस,” गेनर म्हणाली.

“आपटल्याशिवाय लागतच नाही, तर काय करू?” हॉवर्डने दार पुन्हा आपटलं. “बिजागऱ्या गेल्यात. म्हणे गाडी!”

दीर-भावजयीत तीन वर्षांनी झालेलं हे पहिलं बोलणं. मधल्या काळात अॅलेक गेला होता. गेनरचा नवरा, हॉवर्डचा धाकटा भाऊ. त्याच्या अंत्यविधीला हॉवर्ड चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि नंतरच्या चहाला न थांबता निघून गेला. आज गेनरनेही त्याला चहा विचारला नव्हता. त्यांच्या गावात दारी आलेल्या पोस्टमनलासुद्धा चहा विचारतात.

“विकतेयस कशाला?” त्याने विचारलं.

“गॅरेजमध्ये जागा हवीय.”

शर्यतीच्या सर्किटवर पळवायला स्वस्तातली जुनी गाडी हवी म्हणून हॉवर्ड आठवडाभर लिंकनशर पालथं घालत होता. एका गाडीचा तळ गंजून चाळणी झाला होता. दुसरीला मागे शर्यतीच्या गाडीसारखा हा एवढा पंख आणि इंजिन दम्यासारखं खोकणारं. वरून कीर्तन, आतून तमाशा! खरं तर तो उगाच हिंडत होता. त्याला हवी होती ती हीच, पोचे पडलेली लाल दोन सीटची गाडी. तीन वर्षं हिने त्याला रडवलं होतं.

सर्किटवर शनिवारी शर्यत नसते. जो तो आपापली हौस भागवतो. फक्त मागून वेगवान गाडी आली, की पुढच्याने इंडिकेटर देऊन तिला वाट करून द्यायची, हा तिथला शिरस्ता. वाट नाही दिली, तर झेंडा दाखवून बाहेर काढतात. आरशात ही लाल गाडी आणि तिच्यातली दोन हेल्मेटं दिसली, की हॉवर्डच्या तळपायाची आग मस्तकात जायची. धाकट्या भावाला वाट द्यायची! लहानपणी ज्याला सायकल आपण शिकवली, त्याला! पण द्यावी लागायची. दर शनिवारी, दर फेरीत.

एकदा त्याला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तो तरातरा अॅलेककडे गेला. गेनर लाल गाडीच्या बॉनेटवर सँडविचचा डबा उघडून बसली होती.

“काय केलंयस या गाडीला?” हॉवर्ड ओरडला. “खरं काय ते सांग!”

अॅलेकने बॉनेटवर थाप मारली आणि खदखदून हसला. “मला काय विचारतोस? हिला विचार!”

आजूबाजूचे सगळे हसले. थोरल्या भावाला चारचौघांत गाडीशी बोलायला लावतो, नालायक! हॉवर्डने त्या दिवशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पुढे अॅलेक इस्पितळात पडला, निरोपावर निरोप आले, तरी हा गेला नाही. आता त्याला एकच सिद्ध करायचं होतं. अॅलेक काही मोठा चालक नव्हता, गाडी चांगली होती. मेलेल्या भावाशी कसली आलीय चढाओढ? पण हॉवर्डची होती, आणि तिच्यापायी त्याची झोप उडाली होती.

तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. तळ कोरडा, धड. ब्रेकच्या चकत्या बऱ्या. पुढचे टायर बाहेरच्या कडेने झिजलेले, म्हणजे वळणांवर गाडी चांगलीच दामटलेली होती. मनातून तो खूश झाला, पण बाहेर येताना तोंड वाकडंच ठेवलं.

“भंगार आहे.”

“मग भंगारवाल्याला देते.”

तो आत बसायला गेला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आदळले. शिव्या हासडत त्याने सीट मागे ढकलून पाहिली. ती थेट तळालाच बोल्टने आवळलेली होती.

“ही काय बसवायची पद्धत झाली?”

“बोल्ट काढ आणि मागे घे,” गेनर म्हणाली. “आणि सर्किटवर टेकडीनंतरच्या वळणावर तिसऱ्या गिअरची घाई करू नकोस. ती आधी अडखळते, मग उचलते.”

“नवऱ्याने बरंच पढवलंय की! सँडविच बांधणाऱ्या बाईकडून गाडी शिकायची वेळ अजून आली नाही माझ्यावर.”

हॉवर्डने बाहेर येऊन खिशातलं पाकीट काढलं.

“चौदाशे पौंड देतो. घरातली म्हणून.”

“घरातली? तो शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, हॉवर्ड. कुठे होतं तेव्हा घर?” तिचा आवाज फाटला. “दोन हजार. नाहीतर चालता हो.”

त्याने पैसे दिले. तिने किल्ली त्याच्या हातात न देता गाडीच्या टपावर ठेवली. टाचा उंचावून तिने रिकाम्या गॅरेजचं शटर खाली ओढायला घेतलं. हॉवर्डने मदत केली नाही.

गुडघे आखडून तो आत बसला. गाडी सुरू झाली. काय आवाज होता! तीन वर्षं जो मागून ऐकला, तो आता त्याच्या पायाखाली होता. त्याने काच खाली केली. जाता जाता एक टोला हाणल्याशिवाय त्याला राहवेना.

“शनिवारी सर्किटवर ये बघायला,” तो म्हणाला. “आता मला कोण मागे टाकतं ते बघू. अॅलेक तर नाही ना येत!”

गेनर शटर सोडून काचेपाशी आली.

“येणार आहेच. माझी नवी गाडी उद्या येतेय,” ती म्हणाली. “आणि मी मागे आले, की इंडिकेटर जरा वेळेवर दे. तीन वर्षं दरवेळी तू उशीर केलास, आणि माझ्या शेजारी बसलेला अॅलेक बिचारा भीतीने डोळे मिटून घ्यायचा.”