दहा अंकी संख्या

कोलकात्यात सियालदह स्टेशनजवळच्या कॉलेजात छत्तीस वर्षं गणित शिकवलेले सदाशिवराव आता माणसं विसरत चालले होते. संख्या तेवढ्या लक्षात राहत. बंगळुरूहून तीन वर्षांनी आलेल्या रसिकाला, आपल्या एकुलत्या एका मुलीला, ते सकाळपासून नवी नर्स समजत होते.

तिने कागदावर आपलाच मोबाइल नंबर लिहिला आणि त्यांच्यापुढे धरला. "ही संख्या कशी आहे, सांगता का?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "अंकांची बेरीज चोपन्न, म्हणजे नवाने भाग जातो. शेवटी पाच आहे, म्हणजे पंचेचाळिसानेही जाणार." मग पुन्हा एकेका अंकावरून बोट फिरवत ते म्हणाले, "हा तर माझ्या मुलीचा नंबर."

"मग लावू या का तिला फोन?" रसिकाने हळूच विचारलं.

"नको, नको. ती कामात असते. मी केला की तिची मीटिंग मोडते. एकदा रागावली होती." कागदाची नीट घडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"आज तिला सुट्टी आहे, काका," रसिका म्हणाली.