एकसारख्या ओळी

"मावशी, तुझा राम गेला वं!"

राजनंदिनी टॅब हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुण्यात शिकायला आल्यापासून तिची बोली शहरी झाली होती. पण घाबरली की वर्धा बाहेर पडायचं. पूर्णिमामावशीनं पुरणाखालचा गॅस बारीक केला. आज कार्तिकी द्वादशी. तिच्या चातुर्मासाच्या नेमाचं उद्यापन होतं.

"सणाच्या दिवशी असं बोलू नये," ती म्हणाली. "कुठं गेला?"

"ॲपमधून."

मावशीचा नेम रामनाम लिहिण्याचा. दर वर्षी ती वह्या भरायची आणि द्वादशीला देवापुढे ठेवायची. यंदा मनगट दुखू लागलं. नेमक्या त्याच सुमाराला, धायरीत तिच्याकडे राहणाऱ्या या भाचीला नोट्सची ॲपं बदलायची हौस लागली होती. "आधी सिस्टीम लागली पाहिजे, मग अभ्यास पळतो," असं राजनंदिनी म्हणे. एका ॲपात रंग कमी होते. दुसऱ्यात फोल्डरच्या पोटात फोल्डर करता येत नव्हता. तिसऱ्याचं चिन्हच तिला पटलं नाही. शेवटी एक मनासारखं मिळालं. जुन्यातलं सगळं तिनं तिथं आणून लावलं, आणि आनंदाच्या भरात आपल्याच खात्यात मावशीलाही एक पान काढून दिलं.

मावशी रोज अंघोळ झाली की टॅब ओल्या फडक्यानं पुसायची, पाटावर ठेवायची आणि एका बोटानं श्रीराम, श्रीराम टाइप करायची. टॅबच्या पाठीला हळदकुंकवाचं बोट लागलेलं होतं. एकदाच लिहून पुन्हा पुन्हा चिकटवायची युक्ती राजनंदिनीनं पहिल्याच दिवशी दाखवली. मावशी हसली. "घास दुसऱ्यानं गिळला तर माझं पोट कसं भरेल?" 'श्री' लिहिताच ॲप आपणहून 'राम' सुचवू लागलं, ते मात्र तिला फार आवडलं. "गुणी आहे हो," ती शेजारणींना सांगे. "त्यालासुद्धा वळण लागलं."

आज सकाळी चहा पिता पिता राजनंदिनीला ॲपमध्ये एक नवं बटण दिसलं. 'आवरून द्या'. रिकामी पानं काढून टाकू, तीच ती ओळ पुन्हा पुन्हा असेल तर एकच ठेवू. उद्या पहिला पेपर होता. पेपरच्या आदल्या दिवशी सगळं आवरलेलं असावं म्हणून तिनं ते दाबलं. "कायमचं?" ॲपनं विचारलं. "हो," तिनं सांगितलं. खातं दोघींचं एकच आहे, हे तिला दाबल्यावर आठवलं.

अख्ख्या चातुर्मासातून एक 'श्रीराम' उरला होता. पांढऱ्या पानाच्या डोक्यावर, एकटाच.

मावशीनं हात पुसले, चष्मा लावला. पान वर सरकवून पाहिलं. खाली सरकवून पाहिलं. पानं छापून देवापुढे ठेवायची ठरली होती. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला चांगला कागद काढून ठेवायला सांगून झालं होतं. थोड्या वेळात गुरुजी येणार होते.

राजनंदिनीला रडू फुटलं. "थांब मावशी, मी आत्ता भरून देते. कॉपी करते, मग पेस्ट, पेस्ट, पेस्ट! गुरुजी यायच्या आत सगळं होईल. कोणाला कळणार आहे?"

"ज्याच्यासाठी लिहिलं त्याला कळेल ना गं."

मावशीनं पुन्हा एकदा त्या एकट्या ओळीकडे पाहिलं.

"माझं लिहून झालंय," ती म्हणाली. "त्यानं वाचलंही असेल. हा एकच ठेवू पाटावर." मग जरा थांबून, टॅबकडे मान वळवून म्हणाली, "धसमुसळा आहे, पण निवडायला हुशार. ठेवायचं नेमकं तेवढंच ठेवलंन."

राजनंदिनी रडता रडता हसली. तिनं ओढणीनं नाक पुसलं.

"माझं राहू दे," मावशी म्हणाली. "उद्या पेपर तुझा आहे. तुझ्या नोट्सना काही झालं नाही ना?"

राजनंदिनीचा हात नाकाशीच थांबला. मग तिनं आपली पानं उघडली. विषयवार रंग होते, ते नव्हते. धड्याधड्याला चिन्हं होती, तीही नव्हती. इतके महिने खपून नटवलेली पानं झाडून सगळी गेली होती. खाली ॲपनं नम्रपणे लिहिलं होतं: मथळ्यांखाली मजकूर नसलेली पानं काढली. एकच ओळ रोज आढळली, एक ठेवली.

तिनं टॅब झटकन छातीशी धरला. पण मावशीनं तो अलगद सोडवून घेतला. चष्मा अजून तिच्या नाकावरच होता. देवाचं काही वाचावं तशा शांत, स्वच्छ आवाजात तिनं वाचलं:

"आज सगळं नीट लावून झालं. उद्यापासून अभ्यास."

गॅसवर पुरण रटरटत होतं. मावशीनं चष्मा काढून पदराला पुसला.

"तुझा नेम माझ्याहून कडक निघाला गं," ती हळूच म्हणाली. "तापात माझा एक दिवस चुकला होता. तुझा एकही नाही."