ताप आला!

खापर गावचे कापडव्यापारी झुंबरलाल मुंबईच्या रुग्णालयात पत्नीच्या उशाशी बसून होते. तीजाबाईंचा कॅन्सर कुठल्याच औषधाला जुमानेना, म्हणून डॉक्टरांनी बाईंच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढून त्यांना कॅन्सर ओळखून मारायला शिकवलं होतं. परवा त्या पेशी तळहाताएवढ्या पिशवीतून परत अंगात सोडल्या. आज तीजाबाई तापानं फणफणल्या. झुंबरलाल धावतच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "शेठजी, आमचं लक्ष आहे. पण ह्या तापाची आम्ही वाटच बघत होतो. पेशी कामाला लागल्यात!" झुंबरलालनी खोलीत परतून तडक घरी मुलीला फोन लावला. "हीना, मम्मीला ताप आला!" हीना रडायलाच लागली. "रडतेस काय? पेढे वाट!" खाटेवरून तीजाबाई कुडकुडत म्हणाल्या, "अहो, आधी उतरू तर द्या!" ताप उतरला. महिन्याभरानं तपासणीत कॅन्सरचा मागमूस उरला नव्हता. तेव्हा मात्र झुंबरलालनी फोन तीजाबाईंच्या हातात दिला. हीनाला तीजाबाईंनीच सांगितलं, "आता वाट पेढे!"