बाविसावं अक्षर

लखनौच्या कचेरीत रामदास गजभिये सहा वर्षं नागपूरला बदली मागत होते, पण यादीत त्यांचं नाव येतच नसे. सत्त्याण्णव साली कॉम्प्युटरवाल्या नुसरत मॅडमनी त्यांना बोलावून सांगितलं. जुना प्रोग्राम प्रत्येक अर्जाच्या ओळीत तिसाव्या अक्षरापासून 'नागपूर' शोधायचा. टाइप करताना कुणीतरी रिकाम्या जागा गाळल्याने रामदासांची ओळ बाविसाव्या अक्षरालाच संपत होती. प्रोग्राम मुकाट्याने पुढे जायचा. यंदा बसवलेला नवा मात्र तिथे चूक दाखवून अडला. "सब बोले, लाइन छोड़ दो. मैंने आपका फ़ॉर्म निकलवाया," मॅडम म्हणाल्या. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. रामदासांनी मॅडमचे आभार मानले. डोळे पुसून ते यादीवर सही करणाऱ्या बडे बाबूंकडे, म्हणजे हेडक्लार्ककडे, गेले. हाच माणूस आपलं नाव कापतो, असं त्यांनी इतकी वर्षं मनात धरलं होतं. "बाबूजी," ते म्हणाले, "चाय मेरे साथ पीजिए."